नको असलेले पॅनेल: आधी ते कोणाचे, हे ओळखा

मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडले की उजव्या बाजूला एक उभे पॅनेल आपोआप उघडते. कोपऱ्यातली फुली दाबून ते घालवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. डावीकडे शीर्षकांची यादी, वर रिबनमध्ये कुठल्याशा पीडीएफ सॉफ्टवेअरचा टॅब, मजकुराच्या शेजारी कोपायलट या एआय मदतनीसाचे चिन्ह. आणि ज्याच्यासाठी वर्ड उघडले, ते पान मधल्या अरुंद जागेत कसेबसे उरलेले. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर दिवसभर अर्ज, अहवाल आणि करारनामे टाइप करणाऱ्यांना याचा जाच फार होतो. दुरुस्तीवाल्याला विचारले तर बरेचदा ठरलेले उत्तर मिळते: ऑफिस काढून पुन्हा टाकू, नाही तर मशीन फॉरमॅट मारू.

एवढ्या टोकाला जाण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. शिवाय ऑफिस पुन्हा टाकूनही त्रास तसाच राहू शकतो. वर्डच्या बऱ्याच आवडीनिवडी वापरकर्त्याच्या खात्यात वेगळ्या साठवलेल्या असतात. सॉफ्टवेअर काढले तरी त्या जागच्या जागी राहतात आणि नवे ऑफिस आले की तेच पॅनेल पुन्हा दिसू लागते. म्हणून काहीही उडवण्याआधी एक गोष्ट ठरवावी: हे पॅनेल कोणाचे आहे? ते वर्डचे स्वतःचे असेल, बाहेरून आलेल्या एखाद्या ॲड-इनचे असेल, उघडलेल्या फाइलने सोबत आणलेले असेल किंवा त्याचा वर्डशी संबंधच नसेल, ते विंडोजचे असेल. मालक कळला की उपाय बहुधा दोन-तीन क्लिकचा असतो. मालक न शोधता सेटिंग बदलत सुटले, तर मूळ दुखणे राहते आणि वर चार नवी निर्माण होतात.

बाजूला उघडणारी ही पॅनेल्स तशी जुनीच. 2001 साली आलेल्या ऑफिस एक्सपीमध्ये ‘टास्क पेन’ या नावाने ती आली. त्याआधी ऑफिस 97 मध्ये कागदाच्या टाचणीच्या रूपातला मदतनीस पडद्यावर यायचा. लोक त्याला इतके कंटाळले की एक्सपीत तो मुळातच बंद ठेवला गेला आणि ऑफिस 2007 मध्ये काढून टाकला. टास्क पेन मात्र टिकले, वाढत गेले, आणि आज वर्डची बरीचशी कामे त्याच्यातूनच चालतात.

वर्डच्या स्वतःच्या पॅनेल्सपासून सुरुवात करावी, कारण सर्वाधिक तक्रारी तिथल्याच असतात आणि त्या सुटतातही पटकन. यातली बहुतेक पॅनेल्स चुकून दाबल्या गेलेल्या कळेने उघडतात. डावीकडचे शीर्षकांचे पॅनेल म्हणजे नॅव्हिगेशन पेन. वर्ड 2010 पासून कंट्रोल आणि एफ दाबले की शोधण्यासाठी हेच उघडते. ते व्ह्यू टॅबमध्ये नॅव्हिगेशन पेनसमोरची टिक काढून बंद करता येते. शोधण्यासाठी जुनी छोटी चौकट हवी असेल तर कंट्रोल आणि एच दाबावे आणि उघडलेल्या चौकटीत फाइंडचा टॅब निवडावा. एफ7 ही शुद्धलेखन तपासणीची कळ आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये तिने उजवीकडे एडिटर उघडतो. शिफ्ट आणि एफ7 ने समानार्थी शब्दांचे पॅनेल येते, तर शिफ्ट आणि एफ1 ने अक्षरांच्या मांडणीचा सगळा तपशील दाखवणारे. आल्ट दाबलेले असताना एखाद्या शब्दावर क्लिक झाले, तरी संदर्भ शोधण्याचे पॅनेल उघडते. भराभर टाइप करणाऱ्याच्या हातून हे दिवसातून कितीदाही घडू शकते, आणि ‘पॅनेल आपोआप उघडते’ या तक्रारीचे मूळ बरेचदा इथेच सापडते.

क्लिपबोर्डचे पॅनेल याचे ठळक उदाहरण. मजकूर कॉपी झाला की नाही याची खात्री नसल्याने कंट्रोल-सी दोनदा दाबण्याची सवय अनेकांना असते. ऑफिसमध्ये एक सेटिंग असे आहे की कंट्रोल-सी लागोपाठ दोनदा दाबले की क्लिपबोर्डचे पॅनेल उघडते. त्यात कॉपी केलेल्या 24 गोष्टी साठतात. सेटिंग चालू असेल आणि सवयही असेल, तर पॅनेल दिवसभर डोके वर काढत राहणार. ते उघडलेले असतानाच त्याच्या तळाशी असलेले ऑप्शन्सचे बटण दाबावे. छोटी यादी उघडते. क्लिपबोर्ड आपोआप दाखवा आणि कंट्रोल-सी दोनदा दाबल्यावर दाखवा, अशा अर्थाच्या दोन ओळी तिच्यात असतात. दोन्हींवरच्या टिका काढाव्यात. नुसती फुली दाबल्याने पॅनेल तेवढ्यापुरते जाते, या टिका काढल्याने कायमचे जाते. वर्डमधल्या बऱ्याच पॅनेल्सना हाच नियम लागू आहे. फुली म्हणजे ‘आत्ता नको’, एवढेच.

मजकूर निवडला की माउसच्या टोकाशी तरंगणारी लहान पट्टी नको असेल तर फाइल, ऑप्शन्स, जनरल असे जावे आणि ‘मिनी टूलबार’समोरची टिक काढावी. ईमेलने आलेली फाइल वाचनाच्या रूपात उघडून वरचा रिबन गायब होत असेल, तर त्याची टिकही याच पानावर खाली आहे. आणि रिबनच नाहीसा झाला असेल, तर कंट्रोल आणि एफ1.

बदलांच्या नोंदी दाखवणारे रिव्ह्यूइंग पेन मात्र इतक्या सहज बंद करू नये. वकिलाने करारनाम्याचा मसुदा तपासून परत पाठवला, किंवा मार्गदर्शकाने प्रबंधाचे प्रकरण दुरुस्त करून दिले, की डावीकडे किंवा खाली या नोंदींची यादी उघडते आणि समासात लाल रेघा दिसू लागतात. बरेच जण रिव्ह्यू टॅबमध्ये ‘नो मार्कअप’ निवडतात. पान स्वच्छ दिसू लागते आणि काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बदल फक्त लपलेले असतात, फाइलमधून गेलेले नसतात. तीच फाइल समोरच्या पक्षाला पाठवली, तर खोडलेली रक्कम, बदललेली अट, आपसातली टिप्पणी असे सगळे त्याला एका क्लिकमध्ये वाचता येते. बदल मान्य असतील तर ॲक्सेप्ट, नसतील तर रिजेक्ट करावेत आणि टिप्पण्या डिलीट कराव्यात. त्यानंतर फाइल, इन्फो, ‘चेक फॉर इश्यूज’ या वाटेने ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून काही मागे राहिले आहे का, ते पाहावे. पॅनेल त्यानंतर बंद करावे.

वर्डच्या स्वतःच्या यादीत न बसणारे काही दिसले, तर संशय ॲड-इनवर घ्यावा. ॲड-इन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तयार केलेले आणि वर्डच्या आत राहून चालणारे जोडसॉफ्टवेअर. पीडीएफ बनवणारे, इंग्रजी व्याकरण तपासणारे, संदर्भसूची करणारे, व्हिडिओ बैठका ठरवणारे असे अनेक प्रकार आहेत. यातली काही आपण मागून घेतो. काही दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना येऊन बसतात. ॲडोबी ॲक्रोबॅट टाकले की वर्डमध्ये ॲक्रोबॅटचा टॅब दिसू लागतो, तो याच वाटेने.

संशय खरा की खोटा, हे ठरवण्याची चाचणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. वर्ड पूर्ण बंद करावे. मग कंट्रोल कळ दाबून धरून वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करावे आणि सेफ मोडमध्ये उघडायचे का, असा प्रश्न येईपर्यंत बोट उचलू नये. होकार दिला की वर्ड ॲड-इन्स न घेता उघडते आणि वरच्या पट्टीवर सेफ मोड असे लिहिलेले दिसते. त्रास देणारे पॅनेल आता दिसत नसेल, तर ते बहुधा ॲड-इनचेच. सेफ मोडमध्येही दिसत असेल, तर वर्डच्या सेटिंगमध्ये किंवा विंडोजमध्ये शोधावे. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढी एक चाचणी प्रत्येकाने करावीच. तिने कुठलीही फाइल बिघडत नाही, कुठलेही सेटिंग कायमचे बदलत नाही आणि शोधाचे क्षेत्र एकदम निम्मे होते.

पुढची पायरी नेहमीप्रमाणे उघडलेल्या वर्डमध्ये. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असे गेले की एक मोठी यादी दिसते: चालू असलेली, बंद असलेली, उघडलेल्या फाइलशी जोडलेली आणि वर्डने स्वतः अटकाव केलेली. ही यादी फक्त पाहण्यासाठी आहे, तिच्यावर क्लिक करून काही होत नाही. अनेकांची गाडी इथेच अडते. खरे काम तळाशी आहे. तिथे मॅनेज या शब्दासमोर एक खाली उघडणारा पर्याय आहे. त्यात ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून शेजारचे गो दाबले की टिका असलेली चौकट उघडते. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासमोरची टिक काढावी, ओके दाबावे आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. त्याच चौकटीत रिमूव्हचेही बटण असते, त्याला हात लावू नये. टिक काढलेले ॲड-इन उद्या गरज पडली तर पुन्हा चालू करता येते. रिमूव्ह केलेल्याची नोंदच यादीतून जाते.

नेमका दोषी कोण ते कळत नसेल, तर सगळ्या टिका काढाव्यात आणि एकेक ॲड-इन चालू करत जावे, प्रत्येक वेळी वर्ड पुन्हा उघडून. वेळ लागतो, पण उत्तर हमखास मिळते. काही वेळा टिक काढताच संदेश येतो की हे ॲड-इन संगणकावरच्या सर्व वापरकर्त्यांसाठी नोंदवलेले असल्याने बदलता येत नाही. तेव्हा वर्डच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने वर्ड उघडावे आणि तीच टिक काढावी. आणि मूळ सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर ॲड-इन परत येत असेल, तर वर्डमध्ये झगडण्यात अर्थ नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये त्या मूळ सॉफ्टवेअरच्या मॉडिफाय किंवा चेंज या पर्यायात ऑफिसशी जोडणारा भाग वगळता येतो का, ते पाहावे.

सगळी ॲड-इन्स कॉमच्या यादीत सापडत नाहीत. काही टेम्प्लेटच्या रूपात येतात, आणि त्यांचा पत्ता वेगळा. पीएचडीचे विद्यार्थी संदर्भांसाठी झोटेरो वापरतात. त्याचा वर्डमधला टॅब झोटेरो डॉट डॉटएम नावाच्या एका टेम्प्लेट फाइलमधून येतो. ही फाइल वर्डच्या स्टार्टअप नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि त्या फोल्डरमध्ये जे काही टेम्प्लेट असेल ते वर्ड उघडताना उचलते. मूळ सॉफ्टवेअर काढले तरी अशी फाइल तिथे राहिली, तर टॅब दिसतच राहतो. बटणे दाबली की नुसते चुकीचे संदेश येतात. फोल्डर नेमका कुठे आहे ते वर्डच सांगते: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, मग बरेच खाली जनरलमधले ‘फाइल लोकेशन्स’ आणि तिथे स्टार्टअपची ओळ. वर्ड बंद करून तिथली नको असलेली फाइल डेस्कटॉपवर हलवावी. पुसू नये. आठवडाभर काही अडले नाही, तर मग पुसावी.

नॉर्मल डॉट डॉटएम या फाइलबद्दल तर जास्तच जपून. नव्या कोऱ्या पानाचा फॉन्ट, समास, स्वतः तयार केलेल्या शैली आणि मॅक्रो या एका फाइलमध्ये असतात. ती बिघडली तर विचित्र गोष्टी घडतात, म्हणून ‘ती डिलीट करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याऐवजी वर्ड आणि आउटलुक दोन्ही बंद करून तिचे नाव बदलावे. वर्ड पुढच्या वेळी नवी नॉर्मल फाइल आपोआप तयार करते आणि जुनी हाताशी राहते. वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो एका डिलीटमध्ये घालवण्याचे काहीच कारण नाही.

तिसऱ्या प्रकारची ॲड-इन्स मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरमधून येतात आणि खात्याशी जोडलेली असतात. त्यामुळे घरच्या संगणकावर घेतलेले ॲड-इन त्याच खात्याने कचेरीत लॉगिन केल्यावर तिथेही दिसू शकते. त्यांची यादी रिबनवरच्या ॲड-इन्सच्या बटणात ‘माय ॲड-इन्स’मध्ये असते, नावाशेजारच्या तीन टिंबांतून ती काढता येतात. या प्रकारात आणखी एक सोय आहे, जी माहीत नसली की माणूस चक्रावतो. असे ॲड-इन फाइलमध्ये खूण ठेवू शकते की ही फाइल उघडली की माझे पॅनेलही उघडावे. म्हणून सगळ्या फाइली नीट उघडतात आणि नेमक्या एकाच फाइलसोबत पॅनेल येते. अशा वेळी वर्डची सेटिंग्ज उलटीपालटी करू नयेत. कोरी नवी फाइल उघडून पाहावी; तिथे पॅनेल नसेल, तर ते पहिल्या फाइलबरोबर आलेले आहे. मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवला की बहुतेकदा सुटका होते.

कोपायलटबद्दल सध्या सर्वाधिक विचारणा होते. जानेवारी 2025 पासून मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या पर्सनल आणि फॅमिली योजनांमध्ये तो समाविष्ट केला आणि अनेकांच्या वर्डमध्ये तो न मागता दिसू लागला. कॉम ॲड-इन्सच्या यादीत तो शोधून सापडणार नाही. फाइल, ऑप्शन्समध्ये कोपायलटची स्वतंत्र ओळ आहे. तिथली ‘इनेबल कोपायलट’समोरची टिक काढून वर्ड पुन्हा सुरू करावे. हे सेटिंग प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आणि प्रत्येक संगणकावर वेगळे असते. वर्डमध्ये बंद केले म्हणून एक्सेलमध्ये बंद होत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांची काही दुखणी वेगळी आहेत. मराठी मजकूर उघडताच वर एक पिवळी पट्टी येते: या भाषेची तपासणीची साधने नाहीत, उतरवून घ्या. मराठीचे शुद्धलेखन वर्डमध्ये तपासायचे असेल तर ती घ्यावीत. नसेल तर पट्टीवरच ‘पुन्हा दाखवू नका’चे बटण आहे. टंकलेखनाची तरंगणारी पट्टी मजकुरावर येऊन बसत असेल, तर आधी नोटपॅड उघडावे. तिथेही ती दिसली, तर ती वर्डची नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या प्रगत पर्यायांत डेस्कटॉपवरच्या लँग्वेज बारची टिक असते, किंवा मग त्या टायपिंग सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये पट्टी लपवण्याची सोय शोधावी.

डीटीपीच्या दुकानांत आजही युनिकोडपूर्व फॉन्टमधले जुने मजकूर येतात. त्यांतल्या प्रत्येक मराठी अक्षराच्या मागे एक रोमन अक्षर असते. वर्ड ते इंग्रजी समजते, सगळ्या पानावर लाल नागमोडी रेघा मारते, आणि वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करायला गेले की मराठी अक्षरच बदलून टाकते. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंगमधल्या ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’मध्ये कॅपिटलशी संबंधित सगळ्या टिका काढाव्यात. मग सगळा मजकूर निवडून रिव्ह्यूमधल्या लँग्वेजखाली ‘स्पेलिंग किंवा व्याकरण तपासू नका’ ही ओळ निवडावी.

काही पट्ट्या मात्र त्रासदायक वाटल्या तरी राहू द्याव्यात. इंटरनेटवरून किंवा मेलने आलेल्या फाइलवर येणारी ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ची पिवळी पट्टी ही संरक्षणासाठी आहे. 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो वर्ड मुळातच अडवते आणि लाल पट्टी दाखवते. ‘बिल’ किंवा ‘नोटीस’ म्हणून आलेली फाइल उघडून कुणी फोनवर ती पट्टी घालवण्याची युक्ती सांगत असेल, तर फाइल बंद करावी. वीज गेल्यानंतर डावीकडे उघडणारे डॉक्युमेंट रिकव्हरीचे पॅनेलही घाईने बंद करू नये. त्यातली प्रत्येक फाइल उघडून पाहावी, हवी ती वेगळ्या नावाने सेव्ह करावी, मगच फुली दाबावी. वर्ड फाइलची ही प्रत मूळ सेटिंगनुसार दर 10 मिनिटांनी घेते, आणि कधी कधी दिवसाच्या कामाची तेवढीच एक प्रत उरलेली असते.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे. उजवीकडचा साइडबार कंट्रोल आणि एफ5 ने, शैलींची यादी एफ11 ने आणि नॅव्हिगेटर एफ5 ने उघडतो-मिटतो. जोडसॉफ्टवेअर टूल्स मेन्यूतल्या एक्स्टेन्शन्समध्ये दिसतात. आणि हेल्प मेन्यूतच सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. गूगल डॉक्समध्ये उजवीकडची कॅलेंडर आणि कीपची पट्टी उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या बाणाने लपते आणि ॲड-ऑन्स एक्स्टेन्शन्स मेन्यूत असतात. तिथे काहीच सापडले नाही, तर तेच डॉक्युमेंट ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडावे. तिथे पॅनेल नाहीसे झाले, तर ते ब्राउझरच्या एखाद्या एक्स्टेन्शनचे आहे.

कचेरीच्या संगणकावर एवढे करूनही काही टिका निघणार नाहीत. आयटी विभागाने सर्वांसाठी बसवलेली ॲड-इन्स वापरकर्त्याला काढता येत नाहीत. तिथे ‘वर्ड नीट चालत नाही’ एवढीच तक्रार लिहू नये. पॅनेलच्या मथळ्यावर लिहिलेले नाव, ते कधी उघडते, कोऱ्या फाइलमध्ये आणि सेफ मोडमध्ये दिसते का, आणि वर्डची आवृत्ती, या चार गोष्टी लिहून सोबत पडद्याचा फोटो जोडावा. फाइल, अकाउंट या पानावर आवृत्ती दिलेली असते. एवढी माहिती हातात असेल, तर समोरचा माणूस फॉरमॅटचे नाव काढण्याआधी ॲड-इनच्या यादीकडे नक्की पाहील.